इंटर्नशिप झाली, प्रमाणपत्र मिळालं, मग घोडं अडतं कुठे?

प्रश्न असा आला आहे: "संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन इंटर्नशिप झाल्या, दोन्हींची प्रमाणपत्रं आहेत, गुणही चांगले आहेत. तरी अर्जांना उत्तर येत नाही, आणि मुलाखत झालीच तर पहिल्या फेरीच्या पुढे जात नाही. आणखी एक इंटर्नशिप करू, की एखादा कोर्स लावू? आणि एआय आल्यानंतर नवख्यांना जागा उरल्या आहेत का?"

मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करतो. इंटर्न निवडणं, त्यांचा कोड तपासणं आणि नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. त्यामुळे हे उत्तर मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीतून दिलेलं आहे, आणि थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इंटर्नशिप किती झाल्या हे आम्ही मोजत नाही. तुम्ही केलेलं काम दुसऱ्या कोणी नीट वाचलं का, त्यात चुका काढून परत पाठवलं का, आणि शेवटी ते कोणाच्या वापरात गेलं का, एवढंच आम्हाला हवं असतं. ज्या इंटर्नशिपमध्ये हे झालं ती सहा आठवड्यांची असली तरी पुरते. ज्यात हे झालं नाही ती सहा महिन्यांची असली तरी मुलाखतीत तिच्याबद्दल तीन मिनिटांच्या वर बोलता येत नाही. तुमचं घोडं बहुधा इथेच अडतंय.

उदाहरण देतो. बायोडेटावर एक ओळ हमखास असते: "डेटाबेस क्वेरी ऑप्टिमाइझ करून पेजचा वेग ६० टक्क्यांनी वाढवला." (क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी.) मी विचारतो, आधी किती वेळ लागायचा? नंतर किती? मोजलं कशानं? टेबलमध्ये रेकॉर्ड किती होते? बहुतेक वेळा समोरचा गडबडतो. आकडा कुठून आला तेच त्याला माहीत नसतं. मित्राच्या बायोडेटातून उचललेला असतो, किंवा आकडा असला की ओळ वजनदार दिसते असं कोणीतरी सांगितलेलं असतं. ही ओळ नसती तर बरं झालं असतं, कारण आता मी बाकीच्या ओळींकडेही संशयानं बघायला लागतो.

याउलट एका मुलीनं एका अगदी छोट्या कंपनीतल्या इंटर्नशिपबद्दल सांगितलं. ऑर्डरची यादी दाखवणारं एक पान होतं, ते हळू उघडायचं. एका पानावर ५० ऑर्डर. तिनं लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना होणाऱ्या नोंदी, उघडून पाहिला तर एकच क्वेरी पुन्हा पुन्हा दिसत होती, फक्त ग्राहकाचा आयडी बदलत होता. म्हणजे ऑर्डरची यादी एका क्वेरीत यायची आणि मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव आणायला वेगळी क्वेरी जायची. एकूण ५१ फेऱ्या. तिच्या लॅपटॉपवर चाचणीच्या डेटात दहाच ऑर्डर होत्या, म्हणून तिथे हा प्रकार जाणवतच नव्हता. तिनं जॉइन लावून, म्हणजे ऑर्डर आणि ग्राहक ही दोन टेबलं जोडून, सगळं एका क्वेरीत आणलं आणि कोड तपासायला पाठवला. सीनियरनं एकच प्रश्न लिहिला: "ग्राहकानं खातं डिलीट केलं असेल तर?" तिनं वापरलेला इनर जॉइन दोन्ही टेबलांत जोडी असलेल्याच नोंदी देतो, त्यामुळे अशा ऑर्डर यादीतून गुपचूप गायब होणार होत्या, आणि हिशेबवाले तीच यादी बघायचे. तिनं लेफ्ट जॉइन केला, म्हणजे ग्राहक नसला तरी ऑर्डर यादीत राहते, ग्राहक नसलेल्या ऑर्डरसाठी एक टेस्ट लिहिली, आणि मग तो बदल आत गेला.

मी पुढे विचारलं, "यादी ग्राहकाच्या नावानं लावली तर नाव नसलेल्या ऑर्डर वर येतील की खाली?" ती म्हणाली, "हा विचार केला नव्हता. डेटाबेसप्रमाणे बदलत असेल, तपासून बघावं लागेल." अंदाज बरोबर होता. पोस्टग्रेस हा डेटाबेस चढत्या क्रमात रिकाम्या किमती शेवटी ठेवतो, मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस सुरुवातीला. पण उत्तर बरोबर होतं का हे मला महत्त्वाचं नव्हतं. आपल्याला काय माहीत आहे आणि काय तपासायला हवं, यातली रेघ तिला दिसत होती. तिला आम्ही घेतलं.

यात थोर असं काही नव्हतं, हे ध्यानात घ्या. बदल दहा-बारा ओळींचा. कंपनीचं नाव कोणी ऐकलेलं नाही. पण सांगण्यासारखी गोष्ट होती, आणि ती खरी असल्यामुळे कितीही खोल विचारलं तरी तळ लागत नव्हता.

मुलाखतकार असे प्रश्न का विचारतात, यालाही कारण आहे. कर्मचारी निवडीच्या कोणत्या पद्धतीतून पुढच्या कामाचा सर्वांत चांगला अंदाज येतो, यावर मानसशास्त्रात अनेक दशकं अभ्यास झाला आहे. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी तोवरची ८५ वर्षांची संशोधनं एकत्र करून मांडली. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि आखीव मुलाखत या पद्धती वर होत्या. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे नव्यानं तपासले. बरेचसे खाली आले, पण आखीव मुलाखत यादीत सर्वांत वर गेली. अनुभवाची नुसती वर्षं मात्र दोन्ही अभ्यासांत तळाजवळ राहिली. आखीव मुलाखत म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुण. "एखादा अवघड बग कसा शोधला ते सांगा" हा त्यातला ठरलेला प्रश्न. याचं उत्तर मुलाखतीच्या आदल्या रात्री तयार होत नाही. ते इंटर्नशिपमध्येच तयार झालेलं असावं लागतं.

शिकणं आणि काम करणं यांची सांगड घालायची कल्पना तशी जुनी आहे. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकानं २७ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला: एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात, पुन्हा वर्गात. १९५७ मध्ये सुरू झालेलं कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ तर याच पायावर उभं राहिलं. तिथे चार महिने शिक्षण आणि चार महिने नोकरी असं आलटून-पालटून चालतं. मला यातला परत येण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. कारखान्यात जे अडलं ते डोक्यात घेऊन विद्यार्थी वर्गात येत, आणि तोच कंटाळवाणा विषय मग वेगळा वाटे. आज बहुतेक जण इंटर्नशिप संपली की फोल्डर बंद करतात. डेटाबेसच्या विषयात इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) शिकलेले असतात, इंटर्नशिपमध्ये हळू चालणारी क्वेरी बघितलेली असते, पण या दोन गोष्टी एकमेकींना भेटतच नाहीत. इंटर्नशिप संपल्यावर एक-दोन आठवडे नुसतं यासाठी काढा: जे जे पाहिलं पण समजलं नाही, त्याची यादी करा आणि पुस्तकं पुन्हा उघडा. तेव्हा क्वेरीआधी एक्स्प्लेन लिहून डेटाबेस ती कशी चालवणार याचा प्लॅन बघाल तर तो कळेल.

आता निवडीबद्दल. मोठं नाव मिळालं तर घ्यावं, त्यात वाद नाही. अर्ज चाळणारा माणूस नावावर थांबतो. पण मोठ्या कंपनीत इंटर्नला कधी कधी एखादा बाजूचा प्रकल्प देतात, तो शेवटच्या दिवशी सादर होतो आणि दुसऱ्या दिवशी विसरला जातो. छोट्या कंपनीत उलटं होतं. पहिल्याच आठवड्यात खऱ्या ग्राहकाची तक्रार हातात येते, पण शिकवायला कोणाला वेळ नसतो. दोन्हीकडे धोका आहे, आणि तो रुजू होण्याआधी ओळखता येतो. त्यासाठी माझा आवडता प्रश्न हा: "आधीच्या इंटर्ननं काय बनवलं होतं, आणि ते आज चालू आहे का?" उत्तर देणारा लगेच एखादी वस्तू दाखवू लागला तर जागा चांगली. इकडचं तिकडचं बोलू लागला तर काय ते समजा. त्याच्या जोडीला विचारा की माझा कोड कोण तपासणार, आणि आठवड्यातून किती वेळा त्या माणसाशी बोलता येईल. हे विचारलं की राग येईल अशी भीती मुलांना वाटते. माझा अनुभव असा की चांगल्या टीमला हे आवडतं.

पैशांचा भाग थोडक्यात. इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच पैसे घेत असतील तर ती इंटर्नशिप नाही, प्रमाणपत्राची विक्री आहे. तिथे सगळ्यांना तेच चार प्रकल्प दिलेले असतात: टू-डू यादी, हवामान दाखवणारं ॲप, कॅल्क्युलेटर, कुठल्या तरी प्रसिद्ध साइटची नक्कल. आम्ही तेच प्रकल्प, त्याच क्रमानं, ढिगानं बघतो. बिनपगारी इंटर्नशिपचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे आणि देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. अमेरिकेत २०१५ साली एका अपील न्यायालयानं लावलेली कसोटी मला विचार करायला उपयोगी वाटते: या व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा, शिकणाऱ्याचा की कंपनीचा? तुम्ही नेहमीच्या कर्मचाऱ्याचं काम करत असाल आणि शिकवणारं कोणी नसेल, तर लाभ कोणाचा हे उघड आहे. युरोपियन युनियननं २०१४ मध्ये प्रशिक्षणार्थींसाठी केलेल्या शिफारशीत लेखी करार आणि त्यात शिकण्याची उद्दिष्टं नमूद असणं यावर भर दिला आहे. तुमच्या देशात तसं बंधन असो वा नसो, कामाचं स्वरूप, कालावधी आणि मानधन लेखी मागून घ्या. ईमेलवर दोन ओळी आल्या तरी चालतील.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रकल्प आपल्या मशीनवर चालवण्यातच जीव मेटाकुटीला येतो. रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहिलेल्या पायऱ्या जुन्या असतात, एखादी सेटिंग फाइल कोणाच्या तरी लॅपटॉपवरच असते, लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. बहुतेक जण कसंबसं चालू करून सुटकेचा निःश्वास टाकतात. तुम्ही प्रत्येक अडचण आणि तिचा उपाय टिपत जा आणि रीडमी दुरुस्त करून पाठवा. टीममधल्या जुन्या माणसांना या अडचणी दिसेनाशा झालेल्या असतात, त्यामुळे हे काम नवा माणूसच करू शकतो. ही तुमची पहिली उपयोगी भर, तीही पहिल्याच आठवड्यात.

मग कोड. एक गोष्ट फार कमी जणांना कोणी सांगतं: बदल छोटे पाठवा. इंटर्न तीन आठवडे गप्प बसून काम करतो आणि एक दिवस १,२०० ओळींचा पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल तपासून आत घेण्याची विनंती, टाकतो. सीनियर वरून खालपर्यंत स्क्रोल करतो, "ठीक वाटतंय" असं लिहितो आणि मंजूर करतो. तुम्हाला वाटतं, आपलं काम इतकं चांगलं की एकही शेरा आला नाही. खरं म्हणजे ते कोणी वाचलंच नाही. तेच काम ऐंशी-शंभर ओळींच्या तुकड्यांत पाठवलं असतं तर प्रत्येक तुकड्यावर चार शेरे आले असते: नाव नीट नाही, इथे शून्य आलं तर काय, हे फंक्शन आधीच त्या फाइलमध्ये आहे, ही टेस्ट कधी अपयशी होऊच शकत नाही. हे शेरे म्हणजेच तुमची इंटर्नशिप. ते वाचताना चेहरा पडतो, साहजिक आहे. पण "सर, बदललं" एवढंच लिहून पुढे जाऊ नका. पटलं नाही तर का नाही ते लिहा. पटलं तर बदल करा आणि तीच चूक आणखी कुठे आहे का ते स्वतःहून शोधा. हे शोधणारा इंटर्न सीनियरच्या लक्षात राहतो.

प्रश्न विचारण्याचंही असंच आहे. "सर, चालत नाहीये" हा संदेश मला दिवसातून किती वेळा येतो ते विचारू नका. त्याऐवजी असं लिहून बघा: "लॉगिन केल्यावर ४०१ येतंय. टोकन पाठवलं जातंय हे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं. तेच टोकन पोस्टमनमधून दिलं तर चालतं. त्यामुळे हेडर मधल्या प्रॉक्सीत गळतंय असा संशय आहे. प्रॉक्सीची सेटिंग कुठे बघू?" (४०१ म्हणजे "ओळख पटली नाही" असं सर्व्हरचं उत्तर, टोकन ही ओळखीची खूण, हेडर हा ती खूण नेणारा विनंतीचा भाग, पोस्टमन हे विनंत्या पाठवून बघायचं साधन, प्रॉक्सी हा मधला सर्व्हर.) हा संदेश लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडतं. नाही सापडलं तर मला ते द्यायला एक मिनिट लागतं. आणि अर्धा-पाऊण तास अडल्यावर विचाराच. भिडेखातर दोन दिवस गप्प बसणं हा इंटर्नमधला सर्वांत महागात पडणारा दोष आहे, आणि तो हुशार मुलांमध्ये जास्त आढळतो.

निघताना दोन कामं करा. हस्तांतराचं एक पान लिहा: काय झालं, काय राहिलं, कुठे जपून. आणि बाहेर काय बोललेलं चालेल हे मेंटॉरला स्पष्ट विचारा. कंपनीचा कोड बरोबर नेऊ नका, गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, तर मुळीच टाकू नका. मुलाखतीत कोणी असा कोड दाखवला की मी मुलाखत तिथेच आवरती घेतो. समस्या काय होती आणि विचार कसा केला, हे ग्राहकाचं नाव न घेता सांगता येतं.

कोणाला इंटर्नशिपच मिळत नसेल तर? मग वाचणारा माणूस दुसरीकडे शोधायचा. मुक्त स्रोत प्रकल्पांमध्ये, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो तिथे, तो मिळतो. गूगल समर ऑफ कोड हा अशा प्रकल्पांत काम करायची संधी देणारा गूगलचा उपक्रम २००५ पासून चालू आहे, आणि २०२२ पासून तिथे विद्यार्थी असण्याची अटही उरलेली नाही, नवखा असलात तरी चालतं. आउटरीची ही मानधन देणारी तीन महिन्यांची दूरस्थ इंटर्नशिप आहे; तिची सुरुवात ग्नोम या मुक्त स्रोत डेस्कटॉपच्या प्रकल्पात २००६ साली झाली, आणि तंत्रज्ञानात ज्यांना कमी संधी मिळते त्यांच्यासाठी ती आहे. दोन्हीकडे अर्जाआधीच प्रकल्पाशी ओळख वाढवणाऱ्याला झुकतं माप मिळतं. पण शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून गिटहबच्या प्रोफाइलवरचे, रोजच्या कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन भरण्याच्या नादी लागू नका. हॅक्टोबरफेस्ट या मुक्त स्रोतासाठीच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पाऊस पाडला की आयोजकांना महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांची इच्छा आहे तेच सहभागी, असं ठरवावं लागलं. एकच प्रकल्प धरा, जो तुम्ही स्वतः वापरता. आधी जुन्या तक्रारी वाचा, एखादा बग आपल्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवा आणि तो घडवण्याच्या पायऱ्या लिहा. कोडची एकही ओळ न लिहिता देखरेख करणाऱ्यांचे आभार मिळतात, आणि पुढचा बदल ते आपुलकीनं वाचतात.

टेस्टिंग आणि सपोर्टच्या इंटर्नशिपला मुलं नाक मुरडतात, हे मला कधीच कळलेलं नाही. सपोर्टला बसलेला मुलगा रोज लॉग वाचतो, ग्राहक खरोखर काय करतो ते बघतो, आणि कोणता भाग सारखा मोडतो हे त्याला डेव्हलपरच्या आधी कळतं. नव्या पदवीधराकडून मी याहून जास्त काय मागू?

आता एआय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं, आणि नवख्यांना आम्ही जी कामं द्यायचो त्यातली बरीचशी, म्हणजे फॉर्म, साधे स्क्रीन, छोट्या स्क्रिप्ट, आता मिनिटांत होतात. स्टॅनफर्डच्या एरिक ब्रिनयॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास मांडला. एआयची सर्वाधिक झळ लागणाऱ्या व्यवसायांमध्ये, ज्यांत सॉफ्टवेअर येतं, २२ ते २५ वयोगटातल्यांच्या रोजगारात तुलनेनं सुमारे १३ टक्क्यांची घट त्यांना दिसली. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी लोकांची मात्र तशी घट नव्हती. याच काळात व्याजदर चढले आणि महामारीत केलेली भरमसाट भरती कंपन्यांनी आवरती घेतली, त्यामुळे सगळं खापर एआयवर फोडणं मला पटत नाही. पण नवख्यांचा दरवाजा अरुंद झाला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या दरवाज्यातून आत कोण येतं, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका इंटर्ननं पेमेंटची विनंती पाठवणारा कोड दिला. सुबक होता, टेस्टसकट. त्यात विनंतीची वेळ संपली, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर ती तीनदा पुन्हा पाठवायची सोय होती. मी विचारलं, "वेळ संपली म्हणजे पैसे गेले नाहीत, हे कशावरून?" तो थबकला. पलीकडच्या सर्व्हरनं पैसे कापले असतील आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल, तर पुन्हा पाठवल्यावर ग्राहकाचे पैसे दोनदा जाणार. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला एक अनन्य की जोडतात. तीच की पुन्हा आली की सर्व्हर ओळखतो, दुसऱ्यांदा पैसे न कापता पहिलंच उत्तर परत देतो. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की कोड एआयनं लिहिला होता आणि वाचताना ठीक वाटला होता. एआय वापरल्याबद्दल मी त्याला काही म्हटलं नाही, आम्हीही वापरतो. पण आमच्याकडे नियम आहे: तुमच्या नावानं जे येतं त्याच्या प्रत्येक ओळीचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. त्यानं दुसऱ्या दिवशी की जोडली, आणि कोडबेसमध्ये आणखी कुठे असं आंधळं पुन्हा पाठवणं होतंय का ते शोधून आणलं. एक जागा सापडली, आणि ती आमच्यापैकीच एकाच्या हातची होती.

थोडक्यात, लिहिणं स्वस्त झालं आणि वाचणं महाग. म्हणून सराव वाचण्याचा करा. एआयकडून कोड घेतलात तर आधी स्वतः शोधा की हा कुठे मोडेल: रिकामी यादी, दोन विनंत्या एकाच वेळी, वेगळा टाइमझोन, नेटवर्क तुटणं. मग मोडून बघा. आणि आठवड्यातून एखादा छोटा तुकडा कुठल्याही मदतीशिवाय लिहा, कारण काही कंपन्या मुलाखतीत एआय वापरू देतात, काही नाही. कोणतं चालेल हे आधी विचारून घ्यायला हरकत नसते.

बाजार मंद असताना बाहेर पडणाऱ्यांना एक वास्तव सांगायला हवं. ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइझ यांनी कॅनडातल्या पदवीधरांचा माग काढला (२०१२). मंदीत पदवी घेणाऱ्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहिली, पाच वर्षांत हा फरक निम्मा झाला आणि दहा वर्षांत जवळपास मिटला. मिटला कसा, हे जास्त कामाचं आहे: ही मुलं आधी कमी पगार देणाऱ्या कंपन्यांत लागली आणि मग हळूहळू चांगल्या कंपन्यांकडे सरकली. म्हणून पहिली नोकरी मनासारखी नसेल तर ती घ्या, पण तिथेही तुमचं काम वाचणारा कोणी आहे का बघा, आणि तो नसेल तर लवकर हला.

अर्जांना उत्तर का येत नाही, यावर फार बोलण्यासारखं नाही. एकच बायोडेटा शेकडो ठिकाणी टाकणारे असंख्य आहेत, आणि आता एआयनं ते आणखी सोपं केलं आहे. परिणामी अर्जांच्या ढिगावरचा आमचाच विश्वास उडाला आहे. अशा वेळी ओळखीच्या माणसाचा शब्द पूर्वीपेक्षा जड झाला. म्हणजे वशिला नव्हे. तुमच्या मेंटॉरनं एका ओळीत लिहावं, "हिचा कोड मी तपासला आहे, परत घ्यायला आवडेल," एवढंच. हे मागायला लाजू नका. इंटर्नशिप संपून वर्ष झालं असलं तरी चालेल. फक्त पत्रात तुम्ही काय केलं होतं त्याची आठवण करून द्या, लोक विसरतात.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. दोन्ही इंटर्नशिपमधलं एकेक काम निवडा आणि प्रत्येकावर एक पान लिहा: काय बिघडलं होतं, कसं कळलं, आधी काय करून पाहिलं, कोणी काय आक्षेप घेतला, शेवटी काय झालं, आजही ते चालू आहे का. माहीत नसेल तर जुन्या टीमला विचारा. हे पान बायोडेटाला जोडायचं नाही. पण बायोडेटाच्या ओळी त्यातून काढा आणि मित्राला मुलाखतकार बनवून त्यावर अर्धा तास उलटतपासणी करून घ्या. दोन्ही पानं भरली तर तिसरी इंटर्नशिप नको, सरळ नोकरीचे अर्ज करा, आणि आधी त्या दोन मेंटॉरना लिहा. पानं कोरीच राहिली, तर हो, आणखी एक करा, पण वर सांगितलेला आधीच्या इंटर्नबद्दलचा प्रश्न विचारल्याशिवाय रुजू होऊ नका. कोर्स तिसऱ्या क्रमांकावर. एखादी विशिष्ट गोष्ट, समजा नेटवर्किंग किंवा डेटाबेसचं आतलं काम, खरंच कच्ची असेल तरच लावा, आणि फी भरण्याआधी तिथे तुमचा कोड माणूस तपासणार की फक्त मशीन, एवढं विचारून घ्या.